पाटावरचे खेळणे आणि समतेचा पहिला धडा

आपल्या चळवळीने पाठ्यपुस्तकाची चिकित्सा केली, इतिहासाची केली, देवदेवतांची आणि ग्रंथांची केली. लहान मुलाच्या हातातील खेळण्याकडे मात्र आपण अजून पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. खेळणे म्हणजे मुलाला गप्प बसवण्याची वस्तू, पैसे असतील तर घ्यावी, नसतील तर दगडगोटे आहेतच, अशी आपली समजूत. वस्तुतः अक्षर ओळखण्यापूर्वी दोनतीन वर्षे मूल जे वाचत असते ते हातांनी वाचत असते. जड काय, हलके काय, आत काय मावते, कोणाच्या शेजारी काय ठेवायचे, हे सगळे त्याला वस्तूच सांगत असते. त्या वस्तू ज्याने घडवल्या त्याच्या मनातील जगाची रचनाही त्याबरोबर मुलाच्या हाती येते. म्हणून खेळणे हे मुलाचे पहिले पुस्तक आहे आणि त्याचीही चिकित्सा झाली पाहिजे.

गेली काही वर्षे मी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वाड्यांवर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी खेळणी तयार करण्याच्या खटपटीत आहे. पाटावर मांडता येईल, दोन मुले समोरासमोर बसून खेळतील आणि मुलाच्या कृतीला स्वतःच उत्तर देईल, असे एक खेळणे त्यातून उभे राहिले. ते कसे करावे आणि त्यामागचा विचार काय, हे येथे मांडतो. ज्याला सुतारकाम येते त्याने ते करून पाहावे आणि ज्याला विचार पटत नाही त्याने खुशाल वाद घालावा.

खेळणे निष्पाप नसते

आधी जुन्या अंकलिप्या आठवा. ग गणपतीचा, भ भटजीचा, य यज्ञाचा, ऋ ऋषीचा, क्ष क्षत्रियाचा. अक्षर शिकवण्याच्या निमित्ताने एका विशिष्ट समाजाचे देव्हारा-अंगण मुलाच्या डोळ्यांपुढे उभे केले जाई. बौद्धवाड्यातील किंवा कातकरी वाडीतील मुलाला त्या चित्रांत स्वतःचे घर सापडत नसे. याबद्दल आपल्याकडे थोडेफार बोलले गेले आहे.

परंतु त्याहून सूक्ष्म काम एक साधे कोडे करते. बालवाडीत आणि बाजारात ते अनेक रूपांत आढळते. एका बाजूला माणसांची चित्रे, दुसऱ्या बाजूला हत्यारांची. कुंभाराला चाक जोडा, सुताराला करवत जोडा, न्हाव्याला वस्तरा जोडा, चांभाराला चप्पल जोडा, सफाई करणाऱ्या बाईला झाडू जोडा. प्रत्येक तुकड्याची कड अशी कापलेली असते की चांभाराच्या शेजारी चप्पलच बसेल, पुस्तक बसणारच नाही. मूल पुस्तक बसवायला गेले तर खेळणे सांगते, चुकले. ‘आपले मदतनीस’ असे काहीतरी गोड नाव त्या खेळाला दिलेले असते. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे आणि ती माणसाच्या निवडीवर अवलंबून नाही. त्या निबंधातील हे एक सूत्र लाकडी तुकड्यांत कापून काढले तर नेमके हे कोडे तयार होईल. फरक एवढाच की बाबासाहेबांनी ज्यावर घाव घातला ते येथे बक्षीस देऊन शिकवले जाते.

या कोड्याप्रमाणे पाहिले तर माथेरानला न्हावी कुटुंबात जन्मलेल्या विठ्ठल लक्ष्मण कोतवालांच्या हाती वस्तराच असायला हवा होता. ते वकील झाले, कर्जत भागातील शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि वाड्यांवर शाळा उभ्या करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. ज्या मुलखात भाई कोतवाल होऊन गेले त्या मुलखातील अंगणवाडीत न्हाव्याला वस्तरा जोडण्याचा खेळ खेळला जावा, हे विसंगत नाही काय?

खेळण्यातून मुलाच्या मनावर काय उमटते याचा पुरावा सातासमुद्रापलीकडे मिळतो. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतिपत्नीने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सगळ्या एकसारख्या, फक्त रंग वेगळा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे प्रश्न विचारले. बहुसंख्य मुलांनी गोऱ्या बाहुलीला चांगले म्हटले. त्यानंतर तुझ्यासारखी कोणती हे दाखवताना काही मुलांना रडू कोसळले. १९५४ साली ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा केनेथ क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख निकालपत्रात आला. एक बाहुली न्यायालयापर्यंत गेली. आपल्याकडच्या खेळण्यांची साक्ष अजून कोणी काढलेली नाही.

कोसबाडची वाट

खेळातून शिक्षण ही कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली आणि गोल, घन, नळकांडे अशा लाकडी वस्तूंचा संच बनवला. मारिया माँटेसरीने ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत पहिले बालगृह उघडले. तिची साधने गरिबांच्या मुलांसाठी वापरात आली, हे मुद्दाम लक्षात ठेवले पाहिजे, कारण आपल्या शहरांत माँटेसरी हा शब्द पुढे भारी फीच्या पाटीवर जाऊन बसला. माँटेसरीच्या साधनांतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चूक दाखवण्याचे काम साधनच करते. लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि दहा दट्टे. एक दट्टा भलत्या भोकात गेला की शेवटी एक उरतो आणि तो बसत नाही. मूल स्वतः पाहते, स्वतः बदलते. बाईंनी ओरडण्याची गरज नाही.

ज्या समाजाच्या मुलांनी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चुकीबद्दल मारापेक्षा जास्त अपमान सोसला, ‘तुमच्या जातीला हे जमायचे नाही’ हे ऐकले, त्या समाजाच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व शैक्षणिक तंत्रापुरते उरत नाही. चूक आणि मानहानी यांची फारकत करणारी वस्तू, असे मी या साधनांचे वर्णन करतो.

महाराष्ट्रात ही वाट ताराबाई मोडक यांनी आणली. १९२६ साली गिजुभाई बधेकांसोबत नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगातला. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम चालू झाले. शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच तिथली साधने झाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पसरला.

या कामाचे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे. त्याचबरोबर एक गोष्टही बोलली पाहिजे. बालशिक्षणाच्या बहुतेक चर्चेत ‘संस्कार’ हा शब्द सतत येतो. वंचितांच्या मुलांना बोलावे कसे, बसावे कसे, प्रार्थना कोणती म्हणावी, हे शिकवणे म्हणजे शिक्षण, असा त्यामागचा भाव असतो. मूल रिकामे आहे आणि ते भरायचे आहे, असे गृहीत धरलेले असते. कातकरी मुलगी चार वर्षांची असताना ओढ्यातला खेकडा कोणत्या दगडाखाली असेल हे सांगते. तिच्या निरीक्षणशक्तीला आपल्या बालशिक्षणात खाते नाही. म्हणून खेळण्याचा प्रश्न विचारताना ‘या मुलांना काय शिकवावे’ येथून सुरुवात न करता ‘ही मुले कुठे आणि कशी जगतात’ येथून करावी लागते.

मुलखाचा विचार

कर्जतला उल्हास नदीचे खोरे, खालापूरला पाताळगंगेचे. वर सह्याद्रीचा कडा, खाली भातखाचरे. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटमाथ्यावरच्या पाण्यापासून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. आज मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो. याच तालुक्यात २०१३ साली मोठे मनोरंजन उद्यान उघडले, तिथे दूरदूरची मुले तिकीट काढून खेळायला येतात. आणि याच दोन तालुक्यांत कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत, गावोगाव बौद्धवाडे आहेत, आणि त्या मुलांच्या हातात खेळायला काय आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक जमात. खैराच्या झाडापासून कात करणारे म्हणून कातकरी. जंगल गेले, कात गेला, आणि मुकादमाची उचल अंगावर घेऊन वीटभट्टी व कोळसाभट्टी हे नशिबी आले. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल अंगणवाडीच्या पटावर असते आणि प्रत्यक्षात भट्टीवर विटांच्या थराशेजारी बसलेले असते. म्हणजे ज्या खेळण्याला कपाट आणि खोली लागते ते वर्षातील निम्म्याहून अधिक काळ या मुलाच्या उपयोगाचे नाही.

यातून खेळण्याच्या अटी निघाल्या. एक, घरात टेबल नाही, म्हणून ते बुटक्या पाटावर मावले पाहिजे. दोन, गोणपाटात गुंडाळून डोक्यावरच्या बोचक्यातून नेता आले पाहिजे. तीन, वीज आणि सेल यांवाचून चालले पाहिजे. चार, मोडले तर वाडीवरच दुरुस्त झाले पाहिजे. पाच, एकट्याने खेळता येऊ नये, दोघे लागावेत. सहा, ते प्रमाण मराठीत बोलू नये. किंबहुना ते बोलूच नये.

शेवटच्या अटीविषयी थोडे सांगितले पाहिजे. हल्ली बाजारात बटण दाबले की बोलणारी, बरोबर उत्तराला टाळ्या वाजवणारी खेळणी मिळतात. त्यातील आवाज शहरी घरातला असतो. कातकरी किंवा ठाकरी बोलीत विचार करणाऱ्या मुलाला ते यंत्र पहिल्याच दिवशी सांगते की तुझी भाषा येथे चालत नाही. शिवाय या खेळण्यांतील बटणाएवढा चपटा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. जेथून दवाखाना लांब आहे अशा वाडीवर तो धोका पत्करण्याचे कारण नाही. खेळण्याने उत्तर द्यावे, पण हालचालीने द्यावे. बोलण्याचे काम मुलांनी आणि त्यांच्या आजीने आपल्या भाषेत करावे.

तागडी

हालचालीने उत्तर देणारी, सर्वांना ठाऊक असलेली वस्तू म्हणजे तागडी. खेळण्याचा गाभा म्हणून मी ती निवडली. त्याला आणखी एक कारण आहे. वाण्याच्या दुकानात, तांदूळ विकताना, रानातला डिंक-मध विकताना आपल्या माणसांनी तागडी नेहमी दुसऱ्याच्या हातात पाहिली. ती आपल्या मुलाच्या हातात द्यावी आणि ती कशी चालते, कशी फसवते, हे त्याला लहानपणीच कळावे.

रचना अशी. पाट ४५ सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद, खाली चार बोटे उंचीचे पाय. पाटाच्या मध्यभागी २२ सेंटीमीटरचा खुंटा, भोकात घट्ट बसणारा आणि काढता येणारा. खुंट्यावर ४० सेंटीमीटरची दांडी. पारडी अडकवण्याच्या खाचा मध्यापासून दोन्हीकडे मोजून १८ सेंटीमीटरवर. पारडी बांबूच्या विणीची, वीतभर रुंदीपेक्षा लहान, दोऱ्या आखूड, म्हणजे गळ्यात अडकण्याचा संभव नाही. दांडी आणि खुंटा काढून पाटाच्या पायांमध्ये बांधले की सगळे खेळणे एका गोणपाटात जाते.

खरी मेख दांडीच्या आसात आहे. दांडीच्या मध्यावर लाकडाचा छोटा तुकडा चिकटवून त्यात भोक पाडायचे, म्हणजे आस खाचांच्या रेषेहून दीड सेंटीमीटर वर येतो. आस रेषेच्या खाली घेतला तर तागडी उलटते. अगदी रेषेत घेतला तर ती तांदळाच्या दाण्याएवढ्या फरकानेही कलंडते आणि बरोबरी असताना कुठेही थांबते. वर घेतला म्हणजे समान वजन असेल तेव्हा ती हलून हलून आपोआप आडवी येते, बारीक फरक पोटात घालते, मोठा फरक मात्र स्पष्ट दाखवते. खुंट्यावर दोन्ही बाजूंना खुंट्या मारून दांडी फार खाली जाणार नाही अशी सोय करावी. जड बाजू आपटली की मुले दचकतात.

दांडीच्या दोन्ही भुजा सारख्याच का, असेही कोणी विचारील. तराजूवर मुले कसा विचार करतात याचा अभ्यास अमेरिकेतील रॉबर्ट सीग्लर याने १९७६ साली प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या आसपासची मुले फक्त वजन पाहतात, आसापासूनचे अंतर विचारात घेत नाहीत. म्हणून अंतराचा प्रश्न या वयात आणायचा नाही. मात्र मोठ्या भावंडांसाठी दांडीवर आतल्या बाजूला एकेक जादा खाच ठेवावी. पारडे आत सरकवले की तेवढ्याच मालाचे वजन कमी भरते. बाजारातली एक लबाडी त्यांना दोन मिनिटांत उमगते.

पारड्यात घालायच्या वस्तू दोन प्रकारच्या. पहिला प्रकार मुलांनीच आणायचा: खडे, चिंचोके, मातीचे गोळे, विटेचे तुकडे. यांतून जड आणि हलके कळते, आणि मोठे ते जडच असे नाही हेही कळते. चिंचोके सारख्या वजनाचे नसतात, म्हणून संख्येसाठी ते उपयोगाचे नाहीत. त्यासाठी दुसरा प्रकार, एकाच फळीतून कापलेले वीस घनाकार ठोकळे, बाजू साडेतीन सेंटीमीटर. शिवणीसारख्या हलक्या लाकडाचा असा ठोकळा वीस ग्रॅमच्या आसपास भरतो. ते एकमेकांविरुद्ध याच तागडीवर तोलून, घासून सारखे करावेत. आकार साडेतीनच का? खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, त्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते. त्यापेक्षा ठोकळा मोठा हवा. चिंचोके आणि खडे यांचा खेळ म्हणूनच मोठ्या माणसाच्या नजरेखाली व्हावा आणि तीन वर्षांखालचे मूल जवळ असेल तर तो मांडू नये.

दोन बियांबद्दल कडक सूचना. आपल्या रानात गुंज विपुल, लालकाळी आणि मोहक. सोनार पूर्वी तिने सोने तोलत. ती विषारी आहे, चावली गेली तर जीव जाऊ शकतो. एरंडाची बीही तशीच. या दोन्ही बिया खेळात आणू नयेत. रंगही देऊ नये. २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणले आहे आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत, पण सुट्या डब्यातल्या रंगाची हमी कोण देणार? कच्चे जवसाचे तेल चोळून वाळवलेले लाकूड पुरे. त्याचा रंग आपल्या मुलांच्या कातडीशी जुळतो, हा लाभ वेगळा.

माणसे आणि हत्यारे

तागडीबरोबर आठ लाकडी माणसे आहेत, नऊ सेंटीमीटर उंचीची, चार स्त्रिया आणि चार पुरुष. प्रत्येकाच्या छातीजवळ बोटाच्या पेराएवढे खोल एकच भोक, आणि सर्व भोके एकाच मापाची. सोबत आठ हत्यारे: पुस्तक, नांगर, करवत, झाडू, डॉक्टरची नळी, पळी, हातोडा, लेखणी. प्रत्येकाची मूठ एकाच जाडीची, टोके बोथट. त्यामुळे कोणतेही हत्यार कोणत्याही माणसाच्या हाती बसते. येथे ‘चुकले’ म्हणणारी कडच नाही. वर ज्या कोड्याविषयी लिहिले त्याला दिलेले हे उत्तर आहे.

माणसे कोरताना पायाखाली भोक पाडून सगळ्यांचे वजन सारखे करून घ्यावे. कोणतेही दोन माणसे दोन पारड्यांत ठेवा, दांडी आडवी राहते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात प्रत्येकाच्या मताला सारखे मूल्य मिळेल, परंतु सामाजिक आणि आर्थिक जीवनात प्रत्येक माणसाला सारखे मूल्य नाकारले जात राहील. चार वर्षांच्या मुलाला हे भाषण समजणार नाही. मात्र बाईमाणूस आणि बाप्या माणूस, झाडूवाला आणि नळीवाला तागडीत सारखे उतरतात, एवढे त्याचे डोळे पाहतात. पुढे ते भाषण वाचताना ही आठवण कामी येईल.

झाडू ठेवावा की काढावा, यावर आमच्यात बराच वाद झाला. एक सहकारी म्हणाला, आपल्या मुलांपुढे झाडू आणूच नये, तो हातातून सुटावा म्हणून तर लढाई आहे. त्याच्या म्हणण्यात पिढ्यांची आग आहे आणि ती मी समजू शकतो. तरीही मी झाडू ठेवला. झाडू काढून टाकला तर झाडण्याचे काम हलके आहे हे आपणच मान्य केल्यासारखे होते. अपमान वस्तूत नसतो, ती एकाच जातीच्या हातात जन्मभर खिळवून ठेवण्यात असतो. खेळण्यातून तो खिळा काढायचा. डॉक्टरीणबाईच्या हाती झाडू आणि कालच्या झाडूवालीच्या हाती लेखणी, हे मुले सहज करतात. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही, आणि नेमके तेच हवे आहे.

सामाईक वाटी

खेळण्याची मांडणीही विचारपूर्वक ठेवली आहे. दोन मुले पाटाच्या दोन टोकांना, दोघेही जमिनीवर, एकाच उंचीवर बसतात. ठोकळ्यांची वाटी मध्ये आणि ती दोघांची. एकाने आपल्या पारड्यात काही घालायचे, दुसऱ्याने बरोबरी आणायची, मग अदलाबदल. दोघांचे हात एकाच वाटीत जातात. ज्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी सामाईक तळ्यात हात घालण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या जिल्ह्यात सामाईक वाटीचे मोल वेगळे सांगायला नको. जेथे गावठाणातील, बौद्धवाड्यातील आणि कातकरी वाडीतील मुले एकाच अंगणवाडीत येतात तेथे जोड्या लावताना सेविकेने एवढेच पाहावे की जोडी रोज बदलते.

मुले यात काय करतात हे पाहण्यासारखे असते. पारडे खाली गेले की काहींना आपण जिंकलो असे वाटते. जड म्हणजे जिंकणे, ही कल्पना त्यांनी मोठ्यांकडून आणलेली असते. काही जण बोटाने पारडे हळूच दाबतात आणि समोरचे मूल लगेच हरकत घेते. त्या हरकतीला माझ्या लेखी फार किंमत आहे. अन्याय ओळखण्याची आणि तो बोलून दाखवण्याची ती सुरुवात आहे. दोनचार दिवसांत मुलांना एक शोध लागतो. हलक्या पारड्यात घालूनही बरोबरी येते आणि जड पारड्यातून काढूनही येते. वाटी रिकामी झाली असेल तर दुसरा मार्गच उरतो. आपल्या देशात पहिल्या मार्गावर भाषणे खूप होतात आणि दुसऱ्या मार्गाचे नाव काढले की सभा उठते. मुलांना मात्र त्यात काही अवघड वाटत नाही.

मर्यादा आणि मागणी

खेळण्याने क्रांती होते असे मी म्हणत नाही. पोट रिकामे असलेले मूल तागडीकडे पाहत नाही, ते भाकरीकडे पाहते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून शिजवलेले जेवण हा हक्क दिला आहे. तो भट्टीवरच्या मुलापर्यंत पोचला पाहिजे, ही मागणी खेळण्याच्या आधीची आहे. उचल घेऊन कुटुंबाला बांधून ठेवणारी पद्धत मोडली पाहिजे, ही त्याच्याही आधीची. खेळणे या लढायांची जागा घेऊ शकत नाही. पण त्या लढाया जिंकून होईपर्यंत मुलाचे तिसरे, चौथे आणि पाचवे वर्ष थांबून राहत नाही.

खेळातून शिक्षण सरकारलाही आता मान्य झाले आहे. २०२० चे शैक्षणिक धोरण तीन वर्षांपासूनचा काळ शिक्षणात धरते आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळण्या-चित्रांचा संच केंद्र सरकारने जाहीर केला. पेटी येणे चांगलेच. परंतु पेटीत काय असावे हे ठरवताना वीटभट्टीवरच्या आईला, बौद्धवाड्यातील अंगणवाडी सेविकेला, बुरूडकाम जाणणाऱ्या ठाकूर म्हाताऱ्याला कोणी विचारणार आहे काय? पुस्तके लिहिण्याचा हक्क आपण मागितला, तसा मुलांची खेळणी घडवण्याचा हक्कही मागितला पाहिजे.

तोवर आपण काय करू शकतो? सुतार, बांबू विणणारा आणि दोन मुले असलेली कोणतीही वस्ती हे खेळणे चार दिवसांत करू शकते. प्रत्येक बुद्धविहारात असा एक पाट असावा. १४ एप्रिलला आपण मुलांना वह्या वाटतो, त्याच दिवशी वस्तीतल्या धाकट्यांसाठी एक तागडी मांडावी. भट्टीवर निघणाऱ्या कुटुंबांच्या बोचक्यात एक संच जावा आणि पावसाआधी तो परत येईल तेव्हा मोडलेले भाग वाडीवरच नव्याने बसवावेत. माप वर दिले आहे. ज्याला सुधारणा सुचेल त्याने ती करावी आणि इतरांना कळवावी. खेळणे कोणाच्या मालकीचे राहू नये, हीही त्याची एक अट आहे.